मेंदूचे बांधकाम आणि आपल्या ताटातील तेल

मासे खाणाऱ्याचे डोके चांगले चालते, असे आपल्या किनारपट्टीवरील वडीलधारी माणसे पूर्वीपासून म्हणत आली आहेत. दुसरीकडे, तेल-तूप शक्य तितके कमी करा, हा सल्लाही आपण गेली कित्येक वर्षे ऐकत आहोत. अलीकडे तर ‘ओमेगा-३’ असा शिक्का असलेल्या गोळ्या, तेलाच्या बाटल्या आणि बाळांच्या दुधाचे डबे सर्वत्र दिसू लागले आहेत. परीक्षा जवळ आल्या की मुलांच्या स्मरणशक्तीसाठी आईवडील या गोळ्यांकडे वळतात, तर वाढत्या विसराळूपणाने धास्तावलेली वृद्ध मंडळी स्वतःसाठी त्या घेतात. यात पैसा खर्च होतो आणि पैशाहून मोलाची अशी आशाही गुंतलेली असते. म्हणूनच आहारातील स्निग्ध पदार्थ मेंदूसाठी नेमके काय करतात आणि त्यांची मर्यादा कोठे येते, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

मेंदू कशाचा बनला आहे?

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारणपणे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. असे असूनही, आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. मेंदूतील पाण्याचा अंश वगळला, तर उरलेल्या भागापैकी निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग मेदाचा असतो.

हा मेद पोटावरच्या चरबीसारखा नव्हे. पोटावरची चरबी हा साठा आहे. अन्न कमी पडले की शरीर ती जाळून ऊर्जा मिळवते. मेंदूतील मेद बांधकामाच्या कामी आलेला असतो. मेंदूत अब्जावधी चेतापेशी आहेत आणि प्रत्येक चेतापेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असते. हे पटल मेदाच्या रेणूंच्या दोन थरांनी बनलेले असते. चेतापेशीच्या लांब तंतूंवर मायेलिन नावाचे आवरण गुंडाळलेले असते. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असावे, तसे हे आवरण असते आणि त्यामुळे संदेश वेगाने पुढे जातो. मायेलिनच्या घन भागापैकी सुमारे ७० टक्के भाग मेदाचाच असतो.

या मेदाचे मुख्य घटक म्हणजे मेदाम्ले. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी. ज्या साखळीत सर्व सांधे एकेरी असतात तिला संपृक्त मेदाम्ल म्हणतात. अशा साखळ्या सरळ असतात आणि एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. थंडीच्या दिवसांत बाटलीतले खोबरेल तेल गोठते, त्याचे कारण हेच. खोबरेलात सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात. ज्या साखळीत एक किंवा अधिक दुहेरी सांधे असतात, ती त्या ठिकाणी वाकते. वाकलेल्या साखळ्यांना घट्ट बसता येत नाही. म्हणून जवसाचे किंवा माशांचे तेल थंडीतही पातळ राहते.

मेंदूतील सर्वांत महत्त्वाच्या मेदाम्लांपैकी एकाचे नाव डोकोसाहेक्साएनॉइक आम्ल असे लांबलचक आहे. व्यवहारात त्याला डीएचए म्हणतात. त्याच्या साखळीत २२ कार्बन आणि सहा दुहेरी सांधे असतात. डोळ्याच्या मागील पडद्यावरील प्रकाश टिपणाऱ्या पेशींत आणि चेतापेशी एकमेकींना भेटतात त्या जागी हे आम्ल विशेष भरलेले असते.

शरीराला जे बनवता येत नाही

मेदाम्लांच्या दोन कुळांची नावे आज सर्वांच्या कानांवर आहेत : ओमेगा-६ आणि ओमेगा-३. साखळीच्या शेपटाकडून मोजले असता पहिला दुहेरी सांधा सहाव्या कार्बनवर आहे की तिसऱ्या, यावरून ही नावे पडली. वनस्पतींना हे सांधे घालता येतात. माणसाच्या शरीराला ते घालता येत नाहीत. म्हणून दोन्ही कुळांचे मूळ पुरुष, म्हणजे ओमेगा-६ कुळातील लिनोलेइक आम्ल आणि ओमेगा-३ कुळातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल, आहारातूनच मिळवावे लागतात.

ही गोष्ट विज्ञानाला फार उशिरा कळली. १९२९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेदाचा अंशही नसलेला आहार दिला. इतर सर्व पोषण मिळत असूनही त्या उंदरांची वाढ खुंटली आणि त्यांच्या कातडीला व शेपटीला खवले पडले. आहारात लिनोलेइक आम्ल दिल्यावर ते सुधारले. तोपर्यंत मेद म्हणजे केवळ जळण, अशी समजूत होती. मेदाचे काही प्रकार जीवनसत्त्वांइतकेच अत्यावश्यक आहेत, हे या प्रयोगाने दाखवून दिले. मात्र या प्रयोगानंतर लक्ष राहिले ते प्रामुख्याने लिनोलेइक आम्लाकडे. ओमेगा-३ कुळाची माणसाला खरोखर गरज आहे का, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे अनुत्तरितच राहिला.

एका सहा वर्षांच्या मुलीची कहाणी

या प्रश्नाच्या उत्तराकडे बोट दाखवले ते एका लहान मुलीच्या आजाराने. अमेरिकेत सहा वर्षांच्या एका मुलीला पोटात बंदुकीची गोळी लागली. तिच्या आतड्याचा सुमारे तीन मीटर भाग गमवावा लागला. तोंडाने अन्न घेऊन जगणे शक्य नसल्याने तिला सर्व पोषण शिरेतून दिले जाऊ लागले. त्यात मेदासाठी करडईच्या तेलाचे द्रावण होते. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल विपुल असते. ओमेगा-३ जवळजवळ नसतेच.

पाच महिन्यांनंतर त्या मुलीला विचित्र त्रास होऊ लागला. हातापायांना बधिरपणा आणि मुंग्या येत, अशक्तपणा वाटे, पाय दुखत, चालता येत नसे आणि डोळ्यांपुढे अंधुक दिसे. तिच्या रक्ताची तपासणी केली असता ओमेगा-३ कुळाची मोठी कमतरता आढळली. तेव्हा करडईच्या तेलाच्या जागी सोयाबीन तेलाचे द्रावण सुरू करण्यात आले. सोयाबीन तेलात सुमारे सात टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. त्यानंतर तिची ही लक्षणे नाहीशी झाली.

राल्फ होल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकिकत १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. होल्मन हे जॉर्ज बर यांचेच विद्यार्थी होते आणि ‘ओमेगा’ ही नामपद्धतीही त्यांनीच रूढ केली. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, ही गोष्ट खरी आहे आणि या प्रकरणावरही पुढे शास्त्रज्ञांत चर्चा झाली. तरीही, पोटभर उष्मांक आणि भरपूर तेल मिळूनही तेलाचा एक प्रकार कमी पडला तर मज्जासंस्था आजारी पडू शकते, हा इशारा त्यातून मिळाला. शिरेतून पोषण देताना तेलाचा प्रकार विचारात घ्यावा लागतो, हा धडाही त्यात होता.

मेंदूत हे आम्ल करते काय?

चेतापेशीच्या पटलात अनेक प्रथिने रोवलेली असतात. डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी संदेशवाहक रसायने पकडणारी ग्राहके हीसुद्धा प्रथिनेच. ग्राहकाला संदेश मिळाला की तो आपला आकार बदलतो. पटल कडक असेल तर ही हालचाल अवघडते. पटल लवचिक असेल तर ती सुकर होते. डीएचएच्या वाकड्या साखळीमुळे पटलाला ही लवचिकता मिळते. संदेशवाहक रसायनांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला चिकटून बाहेर रित्या होतात, त्या क्रियेतही पटलाच्या या गुणाचा वाटा असतो. ओमेगा-३ पासून दीर्घकाळ वंचित ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत, विशेषतः पुढच्या भागात, डोपामिनच्या व्यवहारात बदल झालेला प्रयोगांत आढळला आहे.

मेदाम्लांचे दुसरे काम म्हणजे गरज पडेल तेव्हा पटलातून सुटे होऊन स्वतःच संदेश बनणे. ओमेगा-६ कुळातील अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. ताप येणे, वेदना होणे, सूज येणे या क्रिया त्यांच्यामार्फत घडतात. ॲस्पिरिनची गोळी ही रसायने बनू देत नाही, म्हणून ताप उतरतो. या संशोधनासाठी सुने बर्गस्ट्रॉम, बेंग्ट सॅम्युएलसन आणि जॉन व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ओमेगा-३ कुळापासून बनणारी काही रसायने याच्या उलट दाह शमवण्याचे काम करतात. यावरून ओमेगा-६ वाईट आणि ओमेगा-३ चांगले, असा निष्कर्ष मात्र काढू नये. अ‍ॅराकिडोनिक आम्ल हाही मेंदूचा आवश्यक घटक आहे आणि जखम भरून येण्यासाठी आधी दाह व्हावाच लागतो.

अडचण येते ती प्रमाणाची. दोन्ही कुळांतील लहान साखळ्यांपासून मोठ्या साखळ्या बनवण्याचे काम शरीरातील एकच विकरे करतात. कारागीर एकच आणि गिऱ्हाइके दोन, अशी ही स्थिती. ओमेगा-६ ची रांग फार लांब झाली, की ओमेगा-३ चे काम मागे पडते. मुळातही माणसाच्या शरीरात जवसासारख्या पदार्थांतील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे डीएचएमध्ये रूपांतर फार थोडे होते. तरुण स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा अधिक होते, हे निसर्गाच्या योजनेला धरूनच आहे.

मेंदूच्या दारावर पहाराही कडक असतो. रक्तातील डीएचए मेंदूत कसे शिरते, हे कोडे २०१४ मध्ये सिंगापूर येथील डेव्हिड सिल्व्हर यांच्या गटाने बऱ्याच अंशी सोडवले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक विशिष्ट प्रथिन असते. ते डीएचएला वाहून आत नेते. ज्या बालकांत या प्रथिनाचे जनुक जन्मतःच बिघडलेले असते, त्यांचे डोके लहान राहते आणि बौद्धिक वाढ खुंटते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

आईचा आहार आणि बाळाचा मेंदू

मेंदूत डीएचए सर्वाधिक वेगाने साठते ते गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. या काळात बाळाला ते आधी नाळेतून आणि पुढे अंगावरच्या दुधातून मिळते. आईच्या दुधातील डीएचएचे प्रमाण तिच्या आहाराप्रमाणे कमी-जास्त होते. ज्या घरात गर्भवतीच्या ताटात सर्वांच्या शेवटी उरलेसुरले पडते, त्या घराने याचा विचार अवश्य करावा.

इंग्लंडमधील ११,८७५ गर्भवतींच्या पाहणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांमध्ये भाषिक बुद्धिमत्तेचे गुण कमी असण्याची शक्यता अधिक दिसली. अशा पाहणीत कारण आणि योगायोग वेगळे करणे कठीण असते, कारण मासे खाणाऱ्या कुटुंबांची राहणी इतर बाबतींतही निराळी असू शकते. ऑस्ट्रेलियातील २,३९९ गर्भवतींवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही मातांना डीएचएयुक्त माशांच्या तेलाच्या गोळ्या आणि काहींना साध्या तेलाच्या गोळ्या देण्यात आल्या. मुलांच्या बौद्धिक वाढीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मातांच्या प्रसूतीनंतरच्या नैराश्यातही फरक दिसला नाही.

एक लाभ मात्र अधिक भक्कम ठरला आहे. सुमारे २०,००० स्त्रियांचा समावेश असलेल्या ७० चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भारपणात ओमेगा-३ घेतल्याने ३७ आठवड्यांपूर्वी होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण १३.४ टक्क्यांवरून ११.९ टक्क्यांवर आले, तर ३४ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतींचे प्रमाण ४.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. पूर्ण दिवस भरून जन्मणे हीच बाळाच्या मेंदूची मोठी कमाई असते.

गोळीकडून किती अपेक्षा ठेवावी?

घरातील वृद्ध माणूस आपल्याच मुलांची नावे विसरू लागतो, तेव्हा कुटुंब कोणताही उपाय करून पाहण्यास तयार होते. अशा कुटुंबांना खरे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. अल्झायमरच्या सौम्य ते मध्यम अवस्थेतील ४०२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. १८ महिने दररोज दोन ग्रॅम डीएचए देऊनही स्मृतीचा ऱ्हास मंदावला नाही. नैराश्याच्या प्रतिबंधाविषयीही निराशाच झाली. अमेरिकेत १८,३५३ प्रौढांना सुमारे पाच वर्षे दररोज एक ग्रॅम ओमेगा-३ किंवा बिनऔषधी गोळी देण्यात आली; २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे नैराश्य टळले नाही. नैराश्यावरील उपचारांना जोड म्हणून ईपीए या ओमेगा-३ मेदाम्लाचा थोडा उपयोग काही चाचण्यांत दिसला आहे. पण तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा आहे. त्यांचे औषध बंद करून कोणीही स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नयेत.

या गोळ्या सर्वस्वी निरुपद्रवी आहेत, असेही नाही. मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका किंचित वाढल्याचे काही चाचण्यांत आढळले आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याविना त्या घेऊच नयेत.

वर दिलेली मुलीची कहाणी आणि या चाचण्या यांत विरोध आहे, असे काहींना वाटेल. तसा तो नाही. त्या मुलीच्या शरीरात एक घटक जवळजवळ संपला होता. तो मिळताच ती सावरली. ज्याच्या शरीरात तो घटक पुरेसा आहे, त्याला आणखी दिल्याने बुद्धी वाढत नाही. भिंत उभी राहत असताना विटा कमी पडल्या तर भिंत कच्ची राहते. ती उभी झाल्यावर अंगणात विटांचा ढीग रचला, म्हणून ती अधिक मजबूत होत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात काय करावे?

महाराष्ट्रात शेंगदाणा, करडई, सूर्यफूल आणि सोयाबीन ही तेले प्रामुख्याने वापरली जातात. यांपैकी पहिल्या तिन्हींत ओमेगा-३ नगण्य असते. करडईचे तेल हृदयाला चांगले म्हणून आपण ते आवडीने घेतो. पारंपरिक करडईत सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते. वर्षानुवर्षे केवळ तेच तेल वापरले आणि ओमेगा-३ देणारा दुसरा कोणताही पदार्थ ताटात नसला, तर तोल बिघडतो. ते तेल टाकून देण्याची गरज नाही. त्याला जोड द्यावी. तेले आलटून-पालटून वापरावीत. सोयाबीन तेलाबरोबरच मोहरीच्या तेलातूनही ओमेगा-३ मिळते.

शाकाहारी कुटुंबांसाठी जवस हा स्वस्त आणि उत्तम मार्ग आहे. विदर्भ-मराठवाड्यात जेवणात असणारी जवसाची चटणी ही केवळ तोंडी लावण्याची वस्तू नव्हे. जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे न पचताच बाहेर पडते; म्हणून ते भाजून कुटावे आणि थोडे थोडेच करून ठेवावे, कारण त्यातील तेल लवकर खवट होते. अक्रोडही उपयुक्त आहे. शाकाहारी गर्भवतींना डॉक्टरांच्या सल्ल्याने शेवाळापासून बनवलेले डीएचए घेता येते. मासे तरी डीएचए स्वतः थोडेच बनवतात! समुद्रातील सूक्ष्म शेवाळ ते बनवते आणि लहान जीवांमार्फत ते माशांपर्यंत पोहोचते.

मत्स्याहारी कुटुंबांना आम्ही एवढेच सुचवू की, पापलेट आणि सुरमईच्या मागे लागून बांगडा आणि तारली यांना कमी लेखू नये. हे तेलकट मासे तुलनेने स्वस्त असून ओमेगा-३ ने समृद्ध आहेत. लहान असल्याने त्यांच्या शरीरात पाराही कमी साठतो. मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत तो अधिक साठतो. गर्भवतींनी आणि लहान मुलांनी ते टाळावेत. आठवड्यातून दोनदा मासे पुरेसे आहेत. भरपूर तेलात कडक तळण्यापेक्षा कालवण करणे श्रेयस्कर, कारण तळताना माशाचे तेल काही प्रमाणात कढईत उतरते आणि कढईतले तेल माशात शिरते.

वनस्पती तुपाविषयीही सावध राहावे. त्याच्या जुन्या निर्मितीपद्धतीत ट्रान्स मेदाम्ले तयार होत. ती हृदयाला घातक आहेत. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स मेदाचे प्रमाण दोन टक्क्यांच्या मर्यादेत आणण्यात आले आहे. तरीही एकच तेल पुन्हा पुन्हा तापवून तळण्याची सवय घरोघरी टाकली पाहिजे.

माशांनी डोके चालते, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मात्र त्यांच्या ताटात जे होते ते रोजचे अन्न होते. परीक्षेच्या आठवड्यापुरते घेतलेले औषध नव्हते. मेंदूची जडणघडण आईच्या पोटात सुरू होते आणि तिची देखभाल आयुष्यभर चालते. म्हणून घरातील गर्भवतीच्या ताटात आज काय वाढले जाते, याकडे आधी लक्ष द्यावे. गोळ्यांच्या बाटलीचा विचार त्यानंतर करावा.